शिवारात पाणी का तुंबते? प्रवाहाच्या गणिताची साक्ष

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरांसाठी ओळखले जाते. गोकुळेश्वराचे मंदिर, पायऱ्यापायऱ्यांची बारव आणि उंच कोरीव दगडी स्तंभ पाहण्यासाठी अभ्यासक तेथे दुरून येतात. बारव बांधणाऱ्या कारागिरांपुढे प्रश्न होता तो पाणी धरून ठेवण्याचा. आज त्याच परिसरातील शेतकऱ्यापुढे काही वर्षी नेमका उलटा प्रश्न उभा राहतो. नको त्या वेळी आलेले पाणी शेताबाहेर कसे जावे, हा तो प्रश्न होय.

मराठवाडा म्हटला की टंचाई, टँकर आणि कोरड्या विहिरी एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु २०२१, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षांच्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्याच्या अनेक भागांत अतिवृष्टी झाली आणि काढणीला आलेले सोयाबीन व बोंडे धरलेला कापूस पाण्यात उभा राहिला. पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते, बाधित क्षेत्र मोजले जाते, मदतीचा हिशेब होतो. हे काम आवश्यकच आहे. मात्र पंचनाम्याच्या कागदावर एक रकाना नसतो. किती नुकसान झाले ते तेथे लिहिले जाते. पाणी नेमके कशामुळे तुंबले, हे लिहिले जात नाही.

आणि गावात भांडण होते ते याच न लिहिलेल्या रकान्यावरून. खालचा शेतकरी म्हणतो, वरच्याने बांध फोडून पाणी सोडले. वरचा म्हणतो, खालच्याने नाला बुजवून दोन तास जास्तीची जमीन काढली. दोघे मिळून म्हणतात, रस्ता उंच झाला आणि मोरी लहान राहिली. कोणी सिमेंट नाला बांधाकडे बोट दाखवतो, तर कोणी धरणाचे दरवाजे उघडल्याचे सांगतो. यांपैकी एखादे कारण खरे असते, कधी दोन-तीन कारणे एकत्र असतात, आणि क्वचित सर्वांनी मिळून ज्याला दोष दिला तो निर्दोष असतो. निदान चुकले तर उपायावरचा पैसा वाया जातोच. शिवाय एका शेतकऱ्याचे पाणी दुसऱ्याच्या शेतात ढकलले जाते. पाण्याच्या प्रवाहाचे गणिती प्रतिमान, ज्याला अभियंते नुसते मॉडेल म्हणतात, ते येथे साक्षीला बोलावता येते. ही साक्ष कशी घ्यावयाची, ती कोठपर्यंत ग्राह्य धरावयाची आणि तिच्यासाठी गावाने काय पुरवावयाचे, हा आजचा विषय आहे.

प्रथम जमिनीविषयी. उत्तरेस पूर्णा आणि दक्षिणेस दुधना या नद्यांच्या मधल्या या प्रदेशात माथ्यावर मुरमाड, उथळ जमीन आणि सखल भागात खोल काळी जमीन आढळते. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. जूनचा पहिला जोराचा पाऊस या भेगाच गिळून टाकतात आणि ओढ्याला धड पाणीही येत नाही. सप्टेंबरात स्थिती पालटलेली असते. माती फुगून भेगा मिटलेल्या असतात व पाणी मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. त्यामुळे पर्जन्यमापकावर आकडा तोच असला तरी जूनमधला आणि सप्टेंबरातला पूर सारखा नसतो.

हा फरक आकड्यांत मांडण्याची एक सोपी रीत अमेरिकेच्या मृदसंधारण सेवेने १९५० च्या दशकात रूढ केली व ती आज जगभर वापरली जाते. जमिनीचा प्रकार, तिच्यावरील पीक आणि ओलावा पाहून पाणलोटाला शंभरपैकी एक अंक दिला जातो. अंक जितका मोठा तितके पाणी जास्त वाहून जाते. या रीतीने हिशेब केला तर १०० मिलिमीटर पावसापैकी ७५ अंकाच्या पाणलोटातून सुमारे ४१ मिलिमीटर पाणी वाहून जाते आणि ८५ अंकाच्या पाणलोटातून सुमारे ६१ मिलिमीटर. ओढ्याला येणारे पाणी दीडपट होते आणि आकाशातून मात्र एक थेंबही अधिक पडलेला नसतो! यास्तव "एवढा पाऊस पूर्वीही पडत होता, तेव्हा शेत बुडाले नाही" हे विधान खरे असूनही त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

किती पाणी वाहिले हे कळल्यावर ते कोठून, किती वेगाने आणि किती उंचीने जाईल हा पुढचा भाग. प्रवाहाच्या गणिताचा पाया फ्रेंच अभियंता सँ-व्हनाँ याने १८७१ मध्ये घातला. आत आलेले पाणी वजा बाहेर गेलेले पाणी म्हणजे साठलेले पाणी, हा त्यातला एक नियम. तो कोणत्याही ग्रामपंचायतीच्या जमाखर्चासारखाच आहे. दुसरा नियम पाण्याला पुढे ढकलणारा उतार आणि मागे ओढणारे घर्षण यांचा मेळ घालतो. घर्षणासाठी आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने १८८९ मध्ये मांडलेले सूत्र आजही चालते. ओढ्याचा तळ व काठ किती खडबडीत आहेत, याला त्या सूत्रात एक अंक असतो. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो ०.०१३ च्या आसपास, स्वच्छ मातीच्या ओढ्यासाठी ०.०३ च्या आसपास, आणि झुडपे, गवत व पाणकणसांनी भरलेल्या ओढ्यासाठी ०.०८ किंवा त्याहूनही अधिक धरतात.

संगणक येण्यापूर्वी हे गणित हातांनी सोडवणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून नद्यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत प्रत्यक्ष पाणी सोडत. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने, ज्याचा आरंभ १९१६ सालचा, अशा प्रतिकृतींवर देशातील कित्येक बंधारे, बंदरे व नद्यांचे प्रश्न सोडवले. अमेरिकेत १९४३ पासून मिसिसिपी नदीच्या सबंध खोऱ्याची प्रतिकृती उघड्या मैदानावर बांधण्यास प्रारंभ झाला. सपाटीवरचे अंतर दोन हजारांश आणि उंची शंभरांश अशा मापाने बांधलेल्या त्या नदीत खऱ्या नदीचा एक दिवस साडेपाच मिनिटांहून कमी वेळात पार पडत असे. बांधकामाला युद्धकैदी लावले होते, ही त्यातली विशेष गोष्ट. आज तेच काम टेबलावरचा संगणक करतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९९५ पासून प्रसृत केलेली 'हेक-रास' ही प्रणाली तर विनामूल्य मिळते आणि आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थीही ती हाताळतात.

आता चारठाण्याच्या शिवारात असू शकेल असा एक ओढा डोळ्यांपुढे आणावा. पुढील माप उदाहरणापुरते घेतलेले आहे. कोणत्याही प्रत्यक्ष ओढ्याचे ते नव्हे. रस्त्याच्या वरच्या अंगाला ३ चौरस किलोमीटर पाणलोट आहे. ताशी ४० मिलिमीटर वेगाने पाऊस झाला आणि त्यातील सहा दशांश पाणी वाहून आले, तर ओढ्याला दर सेकंदास सुमारे २० घनमीटर पाणी येते. रस्त्याखाली एकेक मीटर व्यासाच्या तीन नळ्यांचा नळकांडी पूल आहे. नळ्या भरून, सेकंदाला अडीच मीटर वेगाने वाहिल्या तरी त्यांतून जेमतेम ६ घनमीटर पाणी जाते. उरलेले १४ घनमीटर मागे राहते. तासाभरात हा साठा ५०,००० घनमीटरांवर जातो आणि सखल जमिनीवर अर्धा मीटर खोलीने पसरला तर सुमारे १० हेक्टर शेत त्याखाली जाते. एवढे ऐकल्यावर कोणीही म्हणेल की दोष रस्त्याचा, पूल मोठा करा. ग्रामसभेत ठराव व्हायला वेळ लागणार नाही.

पण हिशेब येथे थांबवता कामा नये. पुलाखालच्या अंगाला तोच ओढा ६ मीटर रुंद, दीड मीटर खोल आणि ५०० मीटरला १ मीटर उताराचा आहे असे धरू. ओढा स्वच्छ असेल तर मॅनिंगच्या सूत्राने त्यातून सेकंदाला सुमारे १३ घनमीटर पाणी काठोकाठ वाहू शकते. बाभळी, बेशरम आणि गवत माजले असेल, तर तोच ओढा फक्त ५ घनमीटर वाहून नेतो. म्हणजे ज्या पुलाला सर्वांनी दोष दिला, त्याच्यापेक्षा खालचा ओढाच अधिक अरुंद ठरला! खाली साचलेल्या पाण्याचा फुगवटा पुलापर्यंत चढला की नळ्यांचा वेगही अडीच मीटर राहत नाही. अशा स्थितीत नुसता पूल मोठा केला तर वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतात जाईल. वरचा शेतकरी मोकळा होईल, खालचा बुडेल, आणि शासकीय खर्चाने एक नवे भांडण बांधले जाईल. ओढा आधी साफ केला, तर पूल लगेच न बदलताही खालच्या शेताला आराम पडतो. मग पूल किती मोठा करावा हे खालच्या १३ घनमीटरांच्या क्षमतेकडे पाहून ठरते.

खऱ्या प्रतिमानात हे सर्व एकाच वेळी व क्षणाक्षणाला मोजले जाते. पाणी रस्त्यावरून उलटून जाते, शेताच्या बांधाला फोडून वाट काढते, सखल भागात थांबून संथपणे परत येते. परंतु कारण शोधण्याची युक्ती वर दाखवली तशीच आहे. आधी घडलेला पूर संगणकात जसाच्या तसा पुन्हा घडवून आणावयाचा. तो जुळला की मग एकेक संशयित दूर करून पाहावयाचा. रस्ता नाही असे धरले तर पाणी किती उतरते? नाला बुजवण्यापूर्वी होता तसा धरला तर? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची दारे पावसाळ्यापूर्वी काढलेली होती असे धरले तर? खालच्या नदीचा फुगवटा वगळला तर? ज्या कारणाला वगळल्यावर शेतातील पाणी दोन फुटांनी उतरते ते मुख्य; ज्याला वगळून दोन बोटेही फरक पडत नाही त्याच्यावरचा आरोप मागे घ्यावा लागतो. प्रत्यक्ष शिवारात रस्ता उखडून पाहता येत नाही. संगणकात तो दहा वेळा उखडून पुन्हा घालता येतो.

गावच्या ओढ्याचा हा प्रश्न आणि मोठ्या नदीचा प्रश्न एकाच जातीचे आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांना महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. शेते, उसाचे फड आणि घरे कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे हे घडले, असा समज लोकांत दृढ होता. राज्य शासनाने जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने २०२० मध्ये अहवाल दिला. धरण किती अंतरावर आहे, त्याची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर असताना सांगलीपाशी नदीचा तळ व पाण्याची पातळी काय होती, कोणत्या दिवशी किती विसर्ग आला व सुटला, अशा प्रश्नांची उत्तरे नुसत्या नजरेने मिळत नाहीत. पातळी, विसर्ग आणि वेळ यांचे गणित घालावेच लागते. समितीने या पुराचे कारण अलमट्टीच्या फुगवट्यात नसल्याचे सांगून अभूतपूर्व पाऊस व नदीपात्रालगतची अतिक्रमणे यांवर बोट ठेवले.

वाद मात्र तेथे संपला नाही. २०२१ च्या जुलैत सांगलीत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचले, आणि अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास महाराष्ट्राचा विरोध २०२५ सालीही कायम होता. यात विसंगती आहे असे समजण्याचे कारण नाही. एका विशिष्ट पुरात, एका विशिष्ट पातळीला, अमुक धरण कारणीभूत नव्हते, एवढेच गणित सांगते. धरण जवळजवळ पाच मीटरने वाढल्यावर काय होईल हा निराळा प्रश्न आहे व त्याचे गणित नव्याने मांडावे लागते. जुन्या उत्तरावर नवा प्रश्न भागवू नये, हे ग्रामपंचायतीच्या पातळीवरही तितकेच लागू आहे.

प्रतिमानाची मर्यादा याहून साध्या जागी असते. ती असते त्याला पुरवलेल्या आकड्यांत. उपग्रहावरून केलेले उंचीचे नकाशे आज सहज मिळतात; अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये केलेल्या मोजणीचे नकाशे तर सर्वांना खुले आहेत. मात्र त्यांतील उंचीची चूक काही मीटरची असू शकते. चारठाण्यासारख्या ठिकाणी काळ्या रानातील सपाट शेत बुडते की वाचते हे वीतभर उंचीवर ठरत असते. अशा नकाशावर काढलेले रंगीत चित्र दिसावयास सुंदर असले तरी त्यावरून कोणाच्या बांधाला दोष देणे अन्यायाचे होईल. दुर्बीण लावून ओढ्याचे आडवे छेद, रस्त्याची माथापातळी आणि मोरीचा तळ मोजल्याखेरीज गत्यंतर नाही. रंगीत नकाशा पुढे ठेवणाऱ्या कोणत्याही संस्थेला ग्रामपंचायतीने पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की पातळ्या कोठून घेतल्या?

दुसरा प्रश्न विचारावा, तो पडताळ्याचा. एका पुरावर जुळवलेले प्रतिमान दुसऱ्या पुराला लावून पाहिले काय? खडबडीतपणाचा अंक हवा तसा बदलून कोणताही एक पूर जुळवता येतो. दुसरा पूर त्याच अंकांनी जुळला तरच साक्ष विश्वासार्ह मानावी.

पडताळ्यासाठी पूर किती उंच आला आणि केव्हा आला, या दोन नोंदी हव्यात, आणि त्या गावाखेरीज कोणाजवळही नसतात. मोठ्या नद्यांवर शासनाची मापनकेंद्रे आहेत. कृष्णा व भीमा खोऱ्यांत तर जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पाऊस व विसर्गाच्या तात्काळ नोंदी घेऊन पुराचा अंदाज करणारी यंत्रणा उभी राहिली. गावच्या ओढ्यावर असे केंद्र कोणी बसवणार नाही. महावेध प्रकल्पामुळे महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आली आणि चोवीस तासांच्या बेरजेबरोबर तासातासांचा पाऊसही कळू लागला; लहान पाणलोटासाठी तेच महत्त्वाचे, कारण तेथे पूर दोन-तीन तासांत येऊन जातो. तथापि मंडळाचे केंद्र एक आणि गावे अनेक. ढगफुटीसारखा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि शेजारच्या शिवारात रस्ताही ओला होत नाही, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही.

येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरते. शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवून मुलांनी रोज सकाळी ठरल्या वेळी नोंद घ्यावी. भूगोलाचा तास त्यामुळे वाया जाणार नाही, उलट सत्कारणी लागेल. पूर ओसरताच झाडाच्या खोडावर, विजेच्या खांबावर, मंदिराच्या किंवा शाळेच्या भिंतीवर चिखलाची जी रेघ उमटते तिच्यावर तैलरंगाने आडवी खूण करून तारीख घालावी. चार दिवसांनी ती रेघ पावसाने धुऊन जाते. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात वेळ व ठिकाण यांची नोंद राहते, म्हणून पुराची छायाचित्रे केवळ समाजमाध्यमांवर न पाठवता ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा करावीत. रस्त्यावरून पाणी प्रथम किती वाजता उलटले आणि किती वाजता उतरले, हे ज्याने पाहिले त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. अभियंत्याला ताशी पावसाच्या शेजारी ही वेळ मांडता आली, की पाणी वरून आले की खालच्या नदीचा फुगवटा मागे सरकत आला हे बहुधा ध्यानात येते. पाऊस थांबल्यावर कित्येक तासांनी, आभाळ निवळलेले असताना शेतात पाणी चढले असेल, तर वरच्या शेजाऱ्यावर रागावण्यापूर्वी खालच्या नदीकडे पाहावे.

ग्रामपंचायतीने उन्हाळ्यात एक फेरी घालून शिवारातील प्रत्येक मोरीच्या नळ्यांची संख्या व व्यास, त्यांपैकी गाळाने किती बुजल्या, ओढ्याची रुंदी कोठे किती उरली आणि पूर्वी ती किती होती हे वहीत उतरवावे. जुन्या मोजणी नकाशात नाला कसा दाखवला आहे, हे भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. ही वही, पूरखुणा आणि पावसाच्या नोंदी एकत्र करून जलसंपदा वा मृद व जलसंधारण विभागाच्या उपविभागीय कार्यालयाकडे, अथवा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे दिल्या, तर अभ्यासाचे निम्मे काम झालेले असते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून काळ्या जमिनीतील रुंद वरंबा-सरी पद्धतीसारखे शेतातल्या शेतात पाणी काढून देणारे उपायही समजून घेता येतात; ओढ्याचा निकाल लागेपर्यंत पिकाला तग धरावा लागतो.

कारण निश्चित झाले की दार कोणते ठोठवायचे तेही निश्चित होते. मोरी अपुरी असेल तर रस्ता ज्याच्या ताब्यात आहे तो बांधकाम विभाग, बंधाऱ्याची दारे वेळेवर निघत नसतील तर त्याचे व्यवस्थापन पाहणारी यंत्रणा. आणि एखाद्याने कायदेशीर अधिकार नसताना शेतातील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तो अडथळा दूर करण्याचा आदेश देण्याचे अधिकार तहसीलदारांना आहेत. मात्र त्यासाठीचा दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. सप्टेंबरात तुंबलेल्या पाण्याबद्दलची कागदपत्रे, पूरखुणांच्या छायाचित्रांसह, मार्च उजाडण्यापूर्वी जिंतूरच्या तहसील कार्यालयात पोहोचलेली असावीत.